चारही कोपरे

केयाने गराजचं दार वर केलं आणि ती धावतच आत आली.

आई टेबलापाशी निवांत बसली होती. पुढ्यात हळदकुंकवाची वाटी. केयाच्या भावाच्या, जयच्या लग्नाच्या एकूण एक पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना बोटं लावून झाली होती.

“आई! व्हॉट डिड यू डू?”

“अगं, हळदकुंकवाशिवाय पत्रिका देतं का कुणी? तू दमली होतीस. म्हटलं, आपणच उरकून टाकावं.”

या छपाईच्या वेडापायी केयाने चांगली नोकरी सोडली होती. एडिसन गावातल्या या गराजमध्ये हातछपाईचं जुनं यंत्र आणलं होतं, शिशाचं एकेक अक्षर हाताने जुळवलं होतं. आणि आज या पत्रिका पाहायला खुद्द व्हिटकॉम येणार होते. हातछपाईच्या दुनियेतला हा म्हातारा वर्षाला एकच शिष्य घ्यायचा. शाईचा एक ठिपका इकडचा तिकडे झाला की कागद टराटरा फाडायचा, अशी त्याची ख्याती. केयाला ती जागा हवी होती. अगदी जिवापाड हवी होती.

बाहेर गाडी थांबली. लपवायला आता वेळही नव्हता.

व्हिटकॉमनी एक पत्रिका उचलली. मग दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवून उजेडात धरल्या. तिसरी घेतली, चौथी घेतली, आणि ते लहान मुलासारखे खिदळायला लागले.

“काळी छपाई बरी आहे,” ते म्हणाले. “पण हा पिवळा आणि लाल ठिपका! प्रत्येक कागदावर केसभरही हललेला नाही. कुठल्या मशीनवर काढला?”

केयाने आईकडे बोट दाखवलं. आईने आपली हळदकुंकवाने माखलेली अनामिका वर केली.

व्हिटकॉमनी डोक्यावरची टोपी काढली. “माझ्याकडे जागा एकच आहे. ती यांना.”

केयाला एकदम हसूच फुटलं. दुसरं करण्यासारखं उरलंच काय होतं! हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते मात्र सगळं हसण्याचं नव्हतं.

आईने लेकीकडे एकदा बघितलं. बोट नॅपकिनला पुसलं, आणि ओक ट्री रोडच्या देशी बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करताना लावते तो आवाज लावला.

“ओके. बट वन कंडिशन. माय हेल्पर विल कम विथ मी.” तिने केयाला दंडाला धरून पुढे ओढलं. “शी नोज लिटल प्रिंटिंग ऑल्सो.”