एकशे एकावा फोन

फोन शंभर झाले आणि तिथंच घोडं अडलं.

मंडळाचे अध्यक्ष गुणाजी परब यांना गोल आकडा चालत नसे. आहेर असो की वर्गणी, वर एक हवाच. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांच्या निवारा केंद्राला जुने मोबाईल द्यायचे, ही कल्पना त्यांचीच. बॅनरवर 'एकशे एक मोबाईलचं दान' असं छापूनही झालं होतं. मोबाईल कोपऱ्यात, हात जोडलेले गुणाजी मधोमध.

मंडपात पहिल्या रांगेत त्यांची बायको अंबिका सुजलेलं मनगट पदराखाली घेऊन बसली होती. मंगळवारी ती बहिणीशी, सीमाशी, पाऊण तास फोनवर बोलली, त्याचं हे बक्षीस. मालवणच्या सीमाखेरीज तिचं ऐकणारं कुणी नव्हतं. शेजारणींना ती मोरीत घसरले म्हणून सांगायची. लालबागच्या त्या अख्ख्या चाळीत परबांचीच मोरी तेवढी निसरडी होती.

"बाईवर हात उचलणाऱ्याला आमच्या मंडळात जागा नाही," गुणाजी माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सावंतांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या.

मग गुणाजी खाली उतरले. अंबिकाच्या हातातला फोन त्यांनी काढून घेतला आणि वर जाऊन खोक्यात टाकला.

"सुरुवात आपल्या घरापासून. हिला तसाही कशाला लागतो? दिवसभर घरातच तर असते."

मंडप हसला. सगळे बघत होते म्हणून अंबिकाही हसली.

कार्यक्रम आटोपला. केंद्राच्या वैदेहीताई रस्त्यावर टॅक्सीत खोका ठेवत होत्या. अंबिका धावतच तिथं पोचली.

"ताई, यातला एक माझा आहे. तेवढा परत द्या. बहिणीचा नंबर त्यातच आहे, मला पाठ नाही."

धावताना पदर सरकला होता. वैदेहीताईंनी मनगट पाहिलं. अशी मनगटं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

"दान आलेला फोन बाहेर देता येत नाही हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्याकडे राहायला येते, तिलाच मिळतो. नियम आहे."

मागून माइकवर गुणाजींची घाईची हाक आली, "अंबिका, फोटोक ये गो. बेगीन."

अंबिकाने वळून पाहिलं. नवऱ्याचे हात जोडलेले तिनं फक्त बॅनरवरच पाहिले होते.

"ताई," ती म्हणाली, "टॅक्सीत जागा आहे ना?"