मिक्सरची पावती

बबिताच्या लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते, तोच घरातला मिक्सर बंद पडला. नवरा सुदाम निर्धास्त होता. उमरीत त्याच्याइतका काटकसरी माणूस शोधून सापडला नसता. गाळणीपासून फ्रिजपर्यंत प्रत्येक वस्तूची पावती त्याने तारेत ओवून ठेवली होती. "मागच्या सालातलीच हाय, बघ. वॉरंटी वाया जाऊ देत न्हाई मी," म्हणत तो आंघोळीला गेला आणि बबिता पावत्या चाळत बसली.

मिक्सरच्या आधी तिच्या हाती नांदेडच्या एका फोटोवाल्याची पावती लागली. फोटो मोठा करणे, एक. फ्रेम, दोन. चंदनाचे हार, दोन. तारीख नऊ मार्च.

तो फोटो समोरच्याच भिंतीवर होता. सुदामची पहिली बायको, सत्यशीला. कुरडया वाळू घालताना गच्चीवरून पडून गेली, असं बबिताला लग्नाआधीच सांगितलं होतं. फोटोखाली मृत्यूची तारीख होती बारा मार्च, साल तेच.

बबिताने दोन्ही तारखा पुन्हा वाचल्या. तोवर सुदाम डोकं पुसत मागे येऊन उभा राहिला होता.

"घावली का?"

"न्हाई अजून." तिने फोटोवाल्याची पावती वर धरली. "अहो, ह्या फ्रेमा दोन कशाला आणल्या होत्या?"

सुदामने पावती तिच्या हातातून घेतली, घडी सरळ केली आणि होती तिथेच ओवली.

"जोडीनं घेतल्यावर लई सूट भेटते," तो म्हणाला. "दुसरी माळ्यावर हाय, नवीकोरी."