चाकाची आतली बाजू

टिक असा आवाज झाला आणि ओनोने टायर चढवायचं मशीन बंद केलं.

आवाज लहानच होता. पण ज्याने जन्मभर टायर चढवले त्याला रबराचा आवाज कोणता आणि धातूचा कोणता, हे सांगावं लागत नाही. त्याने चाक खाली घेतलं, उलटं केलं आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी नख अडकलं. केसाएवढी चीर होती.

चूक त्याचीच. असलं खोलगट, मुद्दाम घडवून घेतलेलं चाक मशीनवर पालथं घालायचं असतं, चकचकीत तोंड खाली. पण तोंड खाली म्हणजे ओरखड्याची भीती, आणि मागच्या हंगामात एका गिऱ्हाइकाने एवढ्याशा ओरखड्यापायी गाव डोक्यावर घेतलं होतं. दुकानाने तेव्हापासून ओरखड्याचा धसका घेतला होता. म्हणून ओनोने चाक उताणं घातलं आणि टायर जबरदस्तीने चढवला. ओरखडा टळला, चाक गेलं.

मालक हिनर्क वाकून बघून गेला. मग त्याने काचेपलीकडे नजर टाकली. तिकडे बाकावर इन्सा बसली होती, बेकरीवाल्यांची थोरली.

"दिसत नाही," तो म्हणाला.

"दिसत नाही, पण आहे ना? महामार्गावर फुटेल हे."

"तू काय ज्योतिषी लागून गेलास?" हिनर्कने तोल साधायच्या वजनाची चिकटपट्टी उचलली. "ही लाव त्या चिरेवर."

"तिथे वजन नकोय."

"मग समोरच्या बाजूलाही एक लाव, तोल जमेल. अरे, ही चाकं घडवणारा म्हातारा मेला. दुसरं कुठून आणून देणारेस तिला? आणि हा पराक्रम तुझा आहे, माझा नाही."

ओनोने पट्टी लावली. भल्या माणसांचं हे असंच असतं. हात आधी काम उरकतात, मन मागून बोंबलत येतं.

आमच्याकडे दारी आलेल्याला चहा द्यायचा तो तीन कप. त्याहून कमी घेतला तर घराचा अपमान, आणि पुरे झालं की पाहुण्याने चमचा कपात ठेवायचा. ओनो किटली घेऊन आत गेला. रिवाजाप्रमाणे इन्साच्या कपात आधीच खडीसाखरेचा खडा होता. त्यावर गरम चहा पडला आणि खडा टिक करून तडकला. ओनोच्या हातून थोडा चहा बशीत सांडला.

"काय ओनो, कालची उतरली नाही वाटतं अजून?" इन्सा हसली.

"वय झालं, पोरी."

दुसऱ्या कपाला ती आपणहून बोलत सुटली. सगळा हिवाळा ही चाकं तिने पलंगाखाली ठेवली होती, आईच्या शिव्या खात. आज रस्ता कोरडा होता. एमडेन शहरापर्यंत सरळसोट महामार्ग, वेगाला मर्यादा नाही.

"आज गाडी मोकळी सोडणार. एकदा बघायचंच आहे किती पळते ते."

ओनोने तिसरा कप भरला. आता सांगायलाच हवं होतं. त्याला स्वतःचीच किळस वाटत होती.

"इन्सा, ते पुढचं डावं चाक आहे ना..."

"झाली गं गाडी!" हिनर्क किल्ली नाचवत दारात उभा राहिला. त्याची नजर ओनोवर होती.

इन्साने घाईघाईने कप रिकामा केला, चमचा त्यात ठेवला आणि उठली.

बाहेर ती गुडघ्यावर बसली. मोबाईलचा उजेड पाडून एकेका चाकाच्या तोंडावरून तिने बोट फिरवलं. पुढच्या डाव्याला सगळ्यात जास्त वेळ लावला.

"एक ओरखडा नाही! बाबा म्हणत होते, टायरवाल्याला ही चाकं देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. ओनो, सोन्याचे हात आहेत तुमचे. उद्या केक आणते तुमच्यासाठी."

"पन्नास किलोमीटर झाले की नट आवळून घ्यायला ये," हिनर्क म्हणाला. हे वाक्य तो प्रत्येकालाच ऐकवायचा.

"येतं का हो कुणी?" इन्साने विचारलं.

"तू ये," ओनो म्हणाला. "सावकाश चालव आणि आजच ये. महामार्गाला लागूच नकोस."

"सावकाश?" तिला हसू आवरेना. "सावकाश चालवायला का घेतलीत ही चाकं?"

ती गेली.

आमचा मुलूख तळहातासारखा सपाट. वारा पश्चिमेचा असला की महामार्गावरची गाडी दुकानात ऐकू येते. ओनो फाटकात उभा राहिला. गावातून हळू चाललेली गाडी ऐकू आली, मग कालव्यावरच्या पुलावर चाकांचा खडखडाट, मग महामार्ग. आवाज चढत गेला.

"आत ये, चहा गार होतोय," हिनर्क म्हणाला. पण किटली हातात घेऊन तोही दारातच थांबला होता.

आवाज आणखी चढला. आणि बंद झाला.

"लांब गेली," हिनर्क म्हणाला.

लांब जाणाऱ्या गाडीचा आवाज विरत जातो, असा एकदम तुटत नाही, हे हिनर्कलाही ठाऊक होतं. तो वळला, स्वतःच्या कपाशी गेला आणि चहा ओतू लागला. कपातली खडीसाखर टिक करून तडकली, आणि किटली त्याच्या हातून निसटली.