ड्रायव्हरच्या मागची सीट

“आधी लाल फुटतं बघ, जरीना. मग हिरवं. मग कुणीतरी पाण्यात हळद कालवल्यागत पिवळंजरद. आन् सगळी माणसं एकदम गप्प.”

अठरा वर्षांपूर्वीचा तो आवाज जरीनाच्या कानात अजून तसाच होता. दिलदार तेव्हा कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका यात्रा कंपनीच्या गाडीवर नवा ड्रायव्हर लागला होता. म्हैसूरची पहिली सहल करून आला, हातपाय धुऊन भिंतीला टेकला आणि वृंदावन बागेतल्या कारंज्यांचं असं काही सांगत सुटला, की तव्यावरची भाकरी करपली तरी जरीनाला कळलं नाही.

तेव्हापासून दिवाळीची सुट्टी आली की दिलदार म्हैसूरला. मे महिना आला की दिलदार म्हैसूरला. लेक मदिना लग्न होऊन वारणानगरला गेली आणि दोन खोल्यांचं घर उगाचच मोठं झालं. जरीना उंबऱ्यात बसून हुपरीहून आलेल्या पैंजणांना घुंगरं जोडायची. दिवसभर मांडीवर घुंगरं वाजायची आणि घरात दुसरा आवाज नसायचा. मग तीच हळू आवाजात गुणगुणायची,

लाल हिरवं पिवळं पाणी, सांगे माझा घरधनी
ऐकून भरलं कान, डोळं उपाशी अजुनी

तो परतला की ती विचारायची, “यंदा कशी हुती कारंजी?” आणि तो सांगायचा. दर खेपेला नवं. एकदा म्हणाला, पाणी पेटल्यागत दिसतंय. एकदा म्हणाला, नवरीनं शालू झटकावा तसं. एरवी हा माणूस मुखदुर्बळ; कालवणात मीठ नसलं तरी मुकाट जेवणारा. हे असले शब्द याला सुचतात कुठून, याचं तिला नवल वाटायचं. त्याचे हात कोपरापर्यंत डासांनी फोडलेले असायचे. ती खोबरेल चोळायची. “तिथं लई डास,” एवढंच तो म्हणायचा. “मला कवा नेणार?” म्हटलं की, “फुडच्या साली.”

आता पुढचं साल उरलं नव्हतं. कंपनीनं गाडी विकली होती. परवाची फेरी शेवटची. मालक सयाजीराव स्वतः म्हणाले होते, “दिलदार, या खेपेला वैनीला घे की. अर्ध्या तिकिटात. आज सांजंपतोर सीट राखून ठेवतो.”

अर्धं तिकीट म्हणजेसुद्धा डालड्याच्या डब्यातलं होतं नव्हतं ते सगळं. एकेका घुंगरानं साठलेलं. आणि डोक्यावरचा पत्रा कुजलेला. पाऊसकाळाआधी तो बदलला नाही, तर अंथरूण टाकायला कोरडी जागा राहणार नव्हती.

शेजारची शालूबाई दारातूनच ओरडली, “अवं जरीनाभाभी, नवरा ड्रायव्हर आन् तुमी हुपरीच्या पल्याड गेला न्हाईसा! कुणाला सांगू नका, हसतील लोक. जावा गुमान. पत्रा गळला तर खाली पातेलं लावा, माझं देते की!”

जरीना हसली. तिनं सकाळीच ट्रंकेतली जांभळी साडी काढून उन्हात टाकली होती. पत्र्याचं ती एकटीही निभावून नेणार होती. दिलदारनं एकदा ‘चल’ म्हणावं, एवढ्यावर तिचं सगळं अडलं होतं.

दिलदार आला. दोरीवरची साडी त्यानं बघितली. खाली बसला, चहा बशीत ओतला आणि बशीकडंच बघत म्हणाला, “पत्राच बदलू. काय हाय तिथं? पाणीच की.”

जरीनाच्या हातातलं घुंगरू सुटलं आणि वाजत वाजत कोपऱ्यात गेलं. अठरा वर्षं ज्यानं त्या पाण्याचे रंग सांगितले, तो आज त्याला नुसतं पाणी म्हणत होता. म्हणजे पैशाचं कारण नव्हतं. एवढ्या नटलेल्या माणसांत आपल्या शेजारी ही बाई उभी नको, असंच त्याच्या मनात असणार.

तिनं दोरीवरची साडी काढली. घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग डबा आणून त्याच्यापुढं ठेवला.

“आणा पत्रा. माझं काय अडलंय? तुमी सांगितलंय की सगळं. तुमच्या डोळ्यांनी बघितलं, ते मीच बघितलं.”

दिलदारनं चहा तसाच ठेवला. उठला. सीट नको म्हणून सांगायला निघाला. दारात जाऊन चपलेत पाय घातला, काढला, पुन्हा घातला. आणि तिच्याकडं पाठ करूनच उभा राहिला.

“जरीना, मी ती बाग कवा बघितलीच न्हाय.”

तिला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो वळला तेव्हा त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती.

“गाडीत उतारूंचं सामान असतंय. भांडी, स्टो, बायकांच्या पेट्या. ड्रायव्हरनं गाडी सोडायची न्हाय. समदी आत गेली की मी बाहीर चाकाला टेकून बसायचो, डास मारत. लांबनं नुसता गलका यायचा. परतीच्या वाटंवर उतारू मागं बोलायचे. म्हातारी बोलायची, पोरं बोलायची. मी ते ऐकायचो आन् कोल्हापूर येईस्तोवर घोकत यायचो. तुला सांगाय. आता तू आलीस आन् इचारलंस, तुमी कुठं उभं ऱ्हायचा, तर काय दावू तुला?”

जरीना त्याच्या कोपरापर्यंतच्या डागांकडं बघत राहिली.

दिलदारनं खाली वाकून घडी घातलेली साडी उचलली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

“माझ्या मागचीच सीट सांगून येतो. तू आत जाऊन बघून ये. आन् येताना मला सांग.”