लेबलं बाहेर

डॉक्टरांनी दोन बोटांनी तिची वही टेबलावरून परत सरकवली. उष्टी बशी सरकवावी तशी.

"बुकप्लेटा घेऊ. लेबलं बाहेर."

वाचनालयाच्या माडीवर संग्राहक मंडळाची बैठक चालली होती. पुढच्या महिन्यात खालच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन बुकप्लेटांचं. पुस्तकाच्या आतल्या बाजूला मालक आपल्या नावाची छापील चिठ्ठी चिकटवतो, ती बुकप्लेट. तिच्या वहीत तशा अकरा होत्या. बाकी सगळी त्याच काळातली जर्मन लेबलं. सुया, दंतमंजन, शाई, बुटांचं पॉलिश. दोन रंग, तीन रेघा, एक वर्तुळ, की काम फत्ते.

ती स्वतः छापखान्यात लेबलं काढायची. सव्वीस वर्षं. लोक तिचं काम टराटरा फाडायचे आणि कचऱ्यात टाकायचे. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, लेबल असतंच त्यासाठी. पण एकदा, फक्त एकदा, एखादं लेबल काचेमागे लागलेलं तिला बघायचं होतं. मंडळात तिला सगळे लेबलवाली म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर.

"अहो, काढणारे हात तेच होते," ती म्हणाली. "सकाळी पॉलिशचं लेबल, दुपारी कुणा शेठची बुकप्लेट. पोटं काय दोन होती त्यांना?"

"पुस्तकाला लागते ती कला. डबीला लागते ती दुकानदारी."

डॉक्टर दातांचे होते. जन्मभर लोकांच्या तोंडात बोळे कोंबल्यावर समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय राहत नाही.

वकीलबाई फिसकन हसल्या. त्यांचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. पर्समधली बामची बाटली काढून त्या कपाळ चोळत होत्या.

"कला बघायचीय?" डॉक्टरांनी जपून एक पाकीट उघडलं. मंडळाचा मुकुटमणी. तीन त्रिकोणांचा निळा पक्षी, खाली एक जर्मन नाव. एकोणीस वर्षं जिवापाड सांभाळलेला. प्रदर्शनासाठी टेबलावर मांडलेल्या चौकटींपैकी पहिली त्याचीच होती. "आणि उजवीकडची ही कोरी जागा बघा. बोटभर जागा तशीच सोडलीय पठ्ठ्याने! केवढं हे धाडस!"

तिने कागद उजेडात तिरका धरला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला. तिचे कान तापले.

"वकीलबाई, ती बाटली द्या जरा."

बाटली जुनी होती, लेबल तेलाने सैल झालेलं. तिने ते नखाने सोडवलं आणि पक्ष्याशेजारी सपाट ठेवलं. दोन्हींवर केसासारख्या बारीक, उभ्या भेगा. दोन्हींच्या उजव्या कडेला बोटभर कोरी पट्टी.

"गोल डबीला गुंडाळलं की कागदावरची शाई अशी तडकते. आणि धाडस नाही हो ते. एक टोक दुसऱ्यावर चिकटवायला सोडतात ती पट्टी. नावही कारखान्याचं असणार." तिने वर पाहिलं. "पुस्तक गोल नसतं, डॉक्टर."

डॉक्टर लाल झाले. मग त्यांचा चेहरा उतरला. भिंग घेऊन बराच वेळ वाकून राहिले. आता हे पक्ष्याला पाकिटात कोंबणार आणि बैठक मोडणार, असं तिला वाटलं.

"मग एकोणीस वर्षं मी कशावर जीव टाकला?"

"चांगल्या चित्रावर. ते काय आता बिघडलं का?"

भिंग पक्ष्यावरून सरकलं ते बामच्या लेबलावर येऊन थांबलं. तिथेच राहिलं.

"हे कुणी काढलंय?"

"मी."

वकीलबाईंचा हात कपाळावर तसाच राहिला.

डॉक्टरांनी दोन बोटांनी तिची वही परत आपल्याकडे ओढली. दुसऱ्या चौकटीतली स्वतःची बुकप्लेट बाहेर काढली आणि त्या जागी बामचं लेबल ठेवलं. मग पेनाचं टोपण काढून चौकटींखाली लावायच्या दोन कोऱ्या चिठ्ठ्या पुढे घेतल्या.

"पक्षी कुणी काढला ते आता कळायचं नाही," ते म्हणाले. "तुमचं नाव काय हो?"