सात नंबरच्या खोलीची तक्रार

तपासनीस बाईंनी पाण्याच्या पेल्यापासून आजींच्या हातापर्यंतचं अंतर टेपने मोजलं. जेमतेम वीतभर. मग उशाशी लटकणारं घंटीचं बटण दाबलं. वायर शाबूत होती. बाहेर घंटी वाजली आणि मेट्रन लगबगीने आत आली.

"मीच दाबली," तपासनीस बाई म्हणाल्या. "यांची पाठ बघायची आहे."

दोघींनी मिळून आजींना कुशीवर वळवलं. पाठ स्वच्छ होती. लाली नाही, ओरखडा नाही. पुन्हा उताणं केल्याबरोबर आजींनी हाताशी आलेला चादरीचा कोपरा गादीखाली कडक दुमडून खोचला. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणालाच खिळल्या होत्या, पण हात अजून चपळ होते.

"आमचं काम काही यांच्या पसंतीला उतरत नाही," मेट्रन हसत म्हणाली. आजी हसल्या नाहीत.

वृद्धाश्रमाविरुद्ध आलेली ही तिसरी निनावी तक्रार. तिन्ही पत्रांतला मजकूर एकच. सात नंबरच्या आजींचं पाणी हाताला लागणार नाही असं ठेवतात, म्हणजे चादरी ओल्या होत नाहीत. मावशी घंटीची वायर काढून ठेवते. दुपारी दोन ते पाच कूस बदलत नाही, त्यामुळे पाठीला जखम झाली आहे. आजी हाका मारतात, तेव्हा मावशी दार ओढून घेते आणि बाहेर बाकड्यावर बसून स्वेटर विणते.

ते स्वेटरचं वाक्य तपासनीस बाईंच्या डोक्यातून जाईना. असलं काही कुणी मनाने रचत नाही.

रहिवाशांची शुश्रूषा करणाऱ्या बाईला इथे मावशीच म्हणत. सध्याची मावशी, चाळिशीची बाई, पहिलं पत्र आलं तेव्हापासून धुण्याच्या खोलीत होती. मेट्रननेच तिला खोल्यांवरून काढलं होतं. साबणाने सुरकुतलेले हात पदराला पुसत ती समोर उभी राहिली.

"मला विणता येत नाही, मॅडम. माझ्या ब्लाउजचं बटण तुटलं तरी मुलगी लावून देते."

"मग तुमच्यावर कुणाचा राग आहे?"

"तेच तर आठवत बसते." तिने तपासनीस बाईंच्या वहीकडे पाहिलं. "आमच्या कामात एकदा नाव गेलं की गेलं. दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही. तेवढं लिहिताना बघा."

तपासनीस बाईंनी आजींच्या भाच्याला फोन लावला. तो जरा वैतागलाच.

"आत्याला मी घरी न्यायला तयार होतो. तिलाच यायचं नव्हतं. जवळचा आश्रम दाखवला, तोही नको. इथलीच खोली हवी, तीही सात नंबरची. दीड वर्ष वाट पाहिली तिने. आयुष्यभर दुसऱ्यांचं करत आली, म्हटलं एवढा हट्ट पुरवावा."

"त्यांनी कधी काही तक्रार केली?"

"माझ्याकडे? ती पाणीसुद्धा मागत नाही हो."

पत्रांवरचा शिक्का कोपऱ्यावरच्याच टपाल कार्यालयाचा होता. रोज तिथपर्यंत फिरायला जाणारे एकच गृहस्थ आश्रमात होते. त्यांना सगळे पोस्टमन आजोबा म्हणत, कारण त्यांनी जन्मभर तीच नोकरी केली होती.

"पत्र टाकणं माझं काम," ते म्हणाले. "कुणाचं ते सांगणं नाही. नोकरीत असताना सांगितलं नाही, आता पेन्शन खाऊन सांगू?"

म्हणजे लिहिणारं माणूस याच इमारतीत होतं. तपासनीस बाईंनी प्रत्येक रहिवाशाकडून दोन ओळींचा जबाब लिहून घ्यायचं ठरवलं.

सात नंबरच्या आजींनी लिहिलं, 'माझी काही तक्रार नाही.' प्रत्येक शब्दावरची रेघ शेवटी किंचित खाली झुकलेली. तिन्ही पत्रांत तशीच होती.

तपासनीस बाई खुर्ची ओढून पलंगाजवळ बसल्या.

"ही पत्रं तुमची आहेत, आजी."

आजींनी नाकारलं नाही.

"मावशीची भीती वाटते का? मोकळेपणाने सांगा, ती इथे नाही."

"तिची कसली भीती? लेकीसारखं करायची माझं. मी घंटी वाजवत नाही म्हणून आपणहून तासातासाला डोकवायची. कुठे आहे ती? महिनाभर दिसली नाही."

"धुण्याच्या खोलीत. तुमच्या पत्रांमुळे. आज तिच्याविरुद्ध अहवाल जाणार होता."

आजी उठायला धडपडल्या आणि कळ येऊन पुन्हा आडव्या झाल्या. "तिला कशाला? तिचा काय संबंध?"

"मावशी, असं तुम्हीच लिहिलंय."

"मला वाटलं तुम्ही जुनी रजिस्टरं काढाल. कुणीतरी विचारेल, या खोलीत पूर्वी कोण होतं." त्यांनी चादरीचा कोपरा पुन्हा खोचला. "सव्वीस वर्षं झाली. शिक्षिका होत्या. मागेपुढे कुणी नव्हतं. पाठीची जखम चिघळून वारल्या. दाखल्यावर म्हातारपण लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पलंग भरला. कुणी चौकशी केली नाही."

"पण पत्रांत तर 'काढून ठेवते', 'ओढून घेते' असं आहे. जणू आज चाललंय."

"ते थांबलंय थोडंच," आजी म्हणाल्या.

तपासनीस बाईंनी वहीतलं मावशीचं पान फाडलं. कोऱ्या पानावर तारीख घातली. सव्वीस वर्षांपूर्वी मेट्रन दुसरी होती, आश्रम चालवणारे दुसरे होते. सगळी माणसं शोधावी लागणार होती.

"त्या वेळच्या मावशीचं नाव आठवतंय तुम्हाला?"

"आठवतंय."

"जिवंत असेल ती?"

"आहे," आजी म्हणाल्या. "लिहा." आणि त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं.