बदकाचं डोकं

जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाशी कधीही खोटं बोलू नये, हे एव्हारिस्तोचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. लिस्बनच्या शनिवारच्या बाजारात तो वर्षभर फक्त दोना ओदेतशी खोटं बोलत होता. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर निळ्या टाइल्सचं शिकारीचं जुनं चित्र होतं. त्यातली बदकाच्या डोक्याची टाइल निखळून फुटली होती. ती विधवा बाई दर शनिवारी यायची, त्याच्या टोपल्या उपसायची, त्याच्या टोपीला नावं ठेवायची आणि "अजून नाही सापडलं" हे त्याचं उत्तर ऐकून रिकाम्या हाताने परत जायची. कुठल्याशा पाडलेल्या घरातलं, तंतोतंत जुळणारं बदकाचं डोकं मात्र कधीपासून एव्हारिस्तोच्या कोटाच्या खिशात होतं.

शेवटी त्याचं मन त्याला खाऊ लागलं.

"सापडलं बाई तुमचं बदक," तो म्हणाला. "आता कशाला याल तुम्ही इकडे?"

"खरंच, कशाला येऊ? ती टोपी बघायला?" असं म्हणून ओदेत टाइल घेऊन गेली.

तो आठवडा त्याला संपता संपेना.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी हजर. "आता शिकाऱ्याचं तोंड पडलं हो, सेन्योर एव्हारिस्तो. जुनी भिंत, काय करणार!"

"आपोआप पडलं?"

"मग काय, मी पाडलं?"

तिच्या पिशवीतून छिन्नीचं टोक बाहेर आलं होतं.